कॅसेटबाहेर राहिलेलं कडवं

अशी कल्पना करा, की तुमच्या घरात एक माणूस आहे आणि त्याचा आवाज सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. त्याचं तोंड फारसं कुणी पाहिलेलं नाही. पण दिवस कलायला लागला की बांधावरच्या बोरीला टांगलेल्या रेडिओतून तो म्हणतो, "नमस्कार मंडळी! जेवला का? न्हाई? मग बसा, आधी शिवारगप्पा ऐका," आणि खुरपणाऱ्या बाया हातातलं खुरपं ठेवून कंबर सरळ करतात. आता याच्या पुढचं कल्पा. एके सकाळी तो माणूस उठतो आणि "पाणी दे" एवढंसुद्धा त्याला म्हणता येत नाही. तहान लागलेली कळते, तांब्या समोर दिसतो, पण शब्द ओठापर्यंत येऊन मागे फिरतो.

कल्याणीला यातलं काही कल्पावं लागत नव्हतं. तो माणूस तिचा आबा होता.

पुढं वर्षभरानं एके दिवशी सकाळीच घरात मासवडीचा घाट घातलेला पाहून कल्याणीला शंका आली. पुण्याच्या रेडिओ केंद्रातले संपतकाका आबांचं रेकॉर्डिंग करायला येणार, हे तिला माहीत होतं. 'जुने आवाज' नावाचा कार्यक्रम होणार होता. पण संपतकाकांचं पोट नाजूक. ते आले की आजी वरणभात टाकायची. मग ही मासवडी कुणासाठी?

"आजी, अजून कोण येणारे?"

द्रौपदाआजी ओल्या फडक्यावर शिजवलेलं बेसन थापत होती. त्यावर तीळ-खोबऱ्याचं सारण पसरत ती म्हणाली, "ज्याला भूक लागंल तो येईल."

"सांगा की आत्या," कल्याणीची आई आरती कांदा भाजता भाजता हसली. "दारात उभे राहिल्यावर कळणारच आहे सगळ्यांना."

"तू गप गं. भिंतीला कान असत्यात."

भिंतीपलीकडे कल्याणीचे पप्पा, रविंद्र, आबांच्या सदऱ्याला इस्त्री करत होते. ते घोडेगावच्या शाळेत मास्तर होते. आबांना अर्धांगाचा झटका आल्यापासून पप्पांच्या मनानं एक गोष्ट घेतली होती. धरणात गाव गेलं, लोक इथं वसाहतीत आले, आणि त्या बुडत्या गावाचं जे गाणं आबांनी गावोगाव म्हटलं, त्याच्या पहिल्या दोन ओळी वसाहतीच्या कमानीवर रंगवायच्या. खाली आबांचं नाव, भागुजी. रेडिओवर एकदा 'गीतकार भागुजी' असं गेलं, की कमानीवरच्या नावाला कुणी हरकत घेणार नव्हतं.

गाणं असं होतं:

पाणी आलं उंबऱ्याला, आता पाटा उचल बाई
जात्याखालची माती म्हणते, मला सोडून जाऊ न्हाई

आबांनी तशी पुष्कळ गाणी केली. हिरडा गोळा करणाऱ्या आहुप्याच्या बायांवर केलं, जयंतीच्या मिरवणुकीसाठी केली, एकदा तर टोमॅटोचे भाव पडले तेव्हा टोमॅटोवरच केलं. तरुणपणी गायन पार्टी घेऊन ते एसटीच्या टपावर हार्मोनियम बांधून हिंडले. मग रेडिओवर लागले. बाजारभावसुद्धा ते यमकात सांगत आणि साहेब रागावला की म्हणत, "साहेब, तसं सांगितलं तर ध्यानात ऱ्हातंय." पण रेडिओचा एक नियम त्यांनी कधी मोडला नाही. पावसाचा इशारा, रोगाची फवारणी, जे मोलाचं ते पहिल्यांदा सांगायचं. गप्पा मागून. "ऐकणाऱ्याच्या रेडिओचे सेल कधी संपतील त्याचा नेम न्हाई," असं त्यांनी कल्याणीला समजावलं होतं. "म्हनून मोलाचं आधी."

बोलणं गेलं तरी आबांचं गाणं मात्र गेलं नव्हतं. हे कल्याणीनंच शोधून काढलं. ती शाळेतून आली की दोघांचं 'केंद्र' सुरू व्हायचं. आबांनीच पूर्वी शिकवलेला खेळ होता तो. लाल दिवा लागला की खोकायचं नाही. काचेमागचा माणूस बोट वर करतो आणि ते खाली आलं, की बोलायचं. आता काचेमागचा माणूस कल्याणी होती. ती गाण्याची अर्धी ओळ म्हणायची, बोट वर करायची, खाली आणायची आणि उरलेली अर्धी आबांच्या तोंडातून यायची. जरा जड, पण स्वच्छ. मंचरचे डॉक्टर म्हणाले होते, की बोलण्याची वाट आणि गाण्याची वाट डोक्यात वेगळी असते. एक बंद झाली तरी दुसरी कधी कधी चालू राहते. एकदा तर आबांनी तहान लागली म्हणून 'पाणी आलं उंबऱ्याला' असा सूर लावला आणि आरती तांब्या घेऊन धावली. सगळे हसले. आबा सगळ्यांत जास्त हसले.

संपतकाका आले ते खांद्याला रेकॉर्डरची पिशवी लावून, पण कपाळाला आठ्या घालून.

"जय भीम, आबा! ओळखलं का? तुमच्यापुढं बोट नाचवणारा संपत!" त्यांनी आबांचे पाय धरले. आबांचा डावा हात त्यांच्या डोक्यावर गेला. मग संपतकाका रविंद्रला हळूच म्हणाले, "मास्तर, पंचाईत झालीय. ड्रायव्हर मला इथं सोडून जीप घेऊन ओझरला दर्शनाला गेला. नव्या टेपा जीपमध्ये. मशिनमध्ये जी आहे ती जुन्नरच्या एका म्हाताऱ्यांनी बोलून बोलून संपवत आणलीय. शेवटचा तुकडा उरलाय."

"एक गाणं बसेल?"

"बसेल... बहुतेक. सावकाश म्हणाले तर सांगता येत नाही."

"बसेल, बसेल. तुम्ही ओळख थोडक्यात करा," रविंद्र म्हणाले. "गीत आणि आवाज, दोन्ही भागुजी. झालं."

"गीत कुनाचं म्हनला, मास्तर?"

दारात एक उंच, वाळका म्हातारा उभा होता. डोक्याला पटका, खांद्याला फडक्यात बांधलेली ढोलकी. कल्याणीनं त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण त्याचं नाक अगदी आबांचं होतं. तिनं स्वयंपाकघराकडे पाहिलं. आजी पदराला हात पुसत, काहीच माहीत नसल्यासारखी बाहेर आली.

"या भावजी. दमला असाल. पाय धुवा."

"मी ऱ्हायला आलो न्हाई, वहिनी. ही ढोलकी घोडेगावात एकाला द्यायचीय. वाटंवर व्हतं म्हनून डोकावलो."

"व्हय की. आन् मासवडीबी वाटंवरच हाय."

हा गेणू. भागुजीचा धाकटा भाऊ. गाव उठलं तेव्हा तो नारायणगावला गेला आणि ढोलकी मढवायचं दुकान घातलं. गायन पार्टीत भागुजीचा आवाज आणि गेणूची ढोलकी असं समीकरण होतं. मग एक कॅसेट निघाली आणि त्यानंतर तो या घराची पायरी चढला नव्हता.

"नाना, तुम्हाला कुणी बोलावलं?" रविंद्रचा आवाज चढला.

"मी," आजी म्हणाली. "एसटीडीवरनं फोन केला. घरचा फोन तुझ्या टेबलावर असतोय म्हनून."

आरतीनं कढईवर झाकण ठेवलं आणि ती दाराशी येऊन उभी राहिली, आजीच्या बाजूला. रविंद्रनं ते पाहिलं. आपल्या बाजूला कोण, म्हणून त्यांनी कल्याणीकडे पाहिलं. कल्याणी आबांकडे पाहत होती. आबा खुर्चीत पुढे झुकले होते आणि त्यांची नजर भावावरून हलत नव्हती.

"इचारलं त्याचं उत्तर दे, मास्तर," गेणू ओट्याच्या कडेला टेकला. "गीत कुनाचं?"

"बांधलं तुम्ही असेल. पण म्हटलं कुणी? गावोगाव नेलं कुणी? आबांच्या आवाजाशिवाय ते गाणं तुमच्या दुकानाबाहेर पडलं असतं का?"

"अरं, टेम्पोवाल्यानं माल मार्केटला नेला म्हनून टोमॅटो त्याचं व्हत्यात व्हय?"

संपतकाकांना हसू आलं, पण रविंद्रचा चेहरा पाहून त्यांनी ते खोकल्यात घालवलं.

"आमच्यात छाप असतीया," गेणू आता संपतकाकांकडे वळून बोलू लागला. "गान्याच्या शेवटच्या कडव्यात बांधनाऱ्यानं आपलं नाव गुंफायचं. त्याला छाप म्हनायचं. मी चार कडवी बांधली. चौथ्यात माझं नाव. पुण्याला कॅसेट झाली. बाजाराच्या दिवशी मी स्टँडवरच्या हाटेलात सगळ्या दोस्तांना चहा पाजला. म्हनलं, ऐका, आता माझं नाव येतंय. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. समदी मान पुढं करून बसल्याली. आन्..." त्यानं जिभेनं आवाज काढला. "टक! बटन वर. टेपच संपली. एक जन म्हनला, गेणू, तुझं नाव बटनात अडाकलं, राव! तवापासनं नारायणगावात मला गेणू कोन म्हनत न्हाई. बटन म्हनत्यात. बटनशेठ! मेल्यावरबी म्हनतील, बटन गेलं."

कल्याणीला हसावं की नाही ते कळेना. आजी मात्र हसली नाही.

"टेप का संपली ते सांगा की," ती म्हणाली.

"का म्हंजी? गान्याच्या आधी हा बोलत बसला! नमस्कार मंडळी काय, जेवला का काय, आमच्या गावाला दोन पिंपळ व्हते काय... निम्मी टेप बोलन्यात खाल्ली. आन् त्यात माझं नाव खाल्लं."

"सवय व्हती त्यांची. रेडिओत काचंमागनं बोट दाखवून थांबवनारं कुनीतरी असतंय. तितं न्हवतं."

"सवय म्हन. मी म्हनतो मुद्दाम."

"मग तोंडावर येऊन विचारायचं होतं," रविंद्र म्हणाले. "इतकी वर्षं मनात कुढत बसलात."

"त्यानं यायचं व्हतं. थोरला तो हाय."

"आले व्हते," आजी म्हणाली. "तुमी त्यास्नी रस्त्यानं येताना बघितलं आन् शटर ओढलं. ह्ये मला त्यांनी सांगितलं न्हाई, तुमच्या दुकानाशेजारच्या कासारनीनं सांगितलं."

गेणूनं पटका काढून मांडीवर ठेवला. मग पुन्हा डोक्याला घातला.

"नाना," कल्याणी म्हणाली, आणि सगळे तिच्याकडे वळले. "आम्ही रोज म्हणतो ते गाणं. आबांनी मला चारही कडवी शिकवलीत. शेवटी गेणूच आहे."

"तुला आजीनं पढवलं असंल, बाळा."

"नाही! आबांनी."

"असं व्हय?" गेणू उठला आणि भावाच्या खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला. "मग तूच सांग, भागू. मुद्दाम कापलंस का चुकून? एवडा बोलका गडी तू. एकच शबूद बोल आन् मी मासवडी खाऊन गप जातो."

आबांचे ओठ हलले. मान ताठ झाली. "ग..." असा आवाज आला, पुन्हा "ग... ग..." आणि कपाळावरची शीर फुगली. कल्याणीनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिला माहीत होतं, की जितका जोर लावला तितका शब्द आत जातो.

"पुरे, नाना!" रविंद्र मध्ये आले. त्यांचा आवाज फाटला. "त्यांना बोलता येत नाही. वर्ष झालं. त्यांच्या नावावर काहीतरी राहावं म्हणून मी धडपडतोय, आणि तुम्ही त्यांना..."

गेणू मागे सरकला. "हात गेला म्हनून कानावर व्हतं," तो म्हणाला. "बोलनंबी?"

"बोलणंच."

"रेडिओवाल्याचं?"

स्वयंपाकघरात रश्शाला उकळी फुटल्याचा आवाज येत होता. आरती आत गेली, गॅस बारीक करून परत आली.

गेणूनं ढोलकीची गाठ उगीचच सोडली आणि पुन्हा बांधली. त्याचा राग कुठे ठेवावा हे आता त्याला कळत नव्हतं. कल्याणीला ते स्पष्ट दिसलं. वर्गातल्या भांडणात मुलं अशीच दप्तराच्या बंदाशी खेळतात. रविंद्रनंही ते पाहिलं असावं. ते खाली मान घालून म्हणाले, "संपतराव, ओळखीत नानांचं नाव घ्या. गीत गेणू, आवाज भागुजी. कमानीचं मी नंतर बघतो."

आजीनं सुस्कारा टाकला. पण गेणूनं मान हलवली.

"नगं. सांगून काय व्हतंय? कुनीबी कुनाचंबी नाव सांगतंय. माझं नाव कडव्यात हाय, आन् ते त्याच्या तोंडानं यायचं व्हतं. ते आता यायचं न्हाई. जाऊ द्या."

"येईल," कल्याणी म्हणाली. "गाण्यात येतं त्यांना. मी सुरू केलं की येतं."

"खरंय," आरती म्हणाली. "रोज ऐकते मी."

संपतकाकांनी घाईनं रेकॉर्डर स्टुलावर ठेवला, मायक्रोफोन आबांपुढे धरला आणि मशिनच्या छोट्या काचेतून आत डोकावून पाहिलं. त्यांचा उत्साह ओसरला. "एक आधीच सांगतो, मंडळी. एवढीशीच टेप आहे. पोरीनं म्हणायचं, मग आबांनी म्हणायचं, असं थांबत थांबत गेलं तर तीन कडवी होतील. चौथं... मला खात्री नाही."

सगळ्यांनी आळीपाळीनं त्या काचेत वाकून पाहिलं. एका बाजूच्या चाकावर तपकिरी फितीचे अगदी थोडे वेढे राहिले होते.

गेणू सगळ्यांत शेवटी वाकला आणि सरळ होताना हसला. ते हसणं बरं नव्हतं. "म्हंजी परत बटन," तो म्हणाला. "घ्या तुमी. चांगलं म्हनंल पोरगी. येतो वहिनी." त्यानं ढोलकी खांद्याला लावली.

"भावजी, पान वाढलंय."

"घोडेगावची गाडी जाईल."

"गाड्या लई हायती."

"ड्रायव्हर येईपर्यंत थांबू या का?" रविंद्रनं विचारलं. "नवी टेप आली की निवांत..."

"तोवर आबा दमतील," आरती म्हणाली. "दुपारनंतर त्यांना सूर लागत नाही. माहितीय ना तुम्हाला."

ते खरं होतं. आताच आबांची मान खुर्चीच्या पाठीला टेकली होती. पण डोळे उघडे होते आणि ते कल्याणीवर होते. ते कसली वाट पाहत आहेत हे घरात फक्त तिलाच कळत होतं. आबा तिच्या बोटाची वाट पाहत होते.

कल्याणी स्टुलाजवळ गेली. तिनं पुन्हा एकदा काचेतून ती उरलेली फीत पाहिली. इवलीशी. सेल संपत आलेल्या रेडिओसारखी. मग ती आबांसमोर, रोजच्या जागेवर, मांडी घालून बसली.

"संपतकाका, चालू करा."

"ओळख करून देऊ ना आधी? दोन वाक्यं..."

"नको. गप्पा मागून."

संपतकाकांनी तिच्याकडे चमकून पाहिलं. हे वाक्य त्यांनी पूर्वी कुणाच्या तरी तोंडून पुष्कळदा ऐकलं होतं. त्यांनी बटण दाबलं. मशिनवर तांबडा दिवा लागला. आजीनं आरतीचा हात धरला. गेणू पायरीवर होता, एक पाय खाली, एक पाय वर. दिवा लागल्यावर हलायचं नाही, हे गायन पार्टीतल्या माणसाला सांगावं लागत नाही.

सगळे 'पाणी आलं उंबऱ्याला'ची वाट पाहत होते. कल्याणीनं श्वास घेतला आणि म्हटलं:

वरनं आभाळ खाली आलं, पान्यात चांदणं ठरंना...

"कल्याणी," रविंद्र कुजबुजले, "अगं, हे शेवटचं कडवं..." आरतीनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

पायरीवरचा पाय वर आला.

कल्याणीनं ती ओळ पुरी केली. तिच्यापुढची ओळ तिला पाठ होती: गेणू म्हणे, बुडालं गाव, वाट पायाची सरंना. ती तिनं म्हटली नाही. तिनं ओठ घट्ट मिटले, आबांच्या डोळ्यांत पाहत उजव्या हाताचं बोट वर केलं, क्षणभर तसंच धरलं, आणि खाली आणलं.